कापड उलटं करून पाहा
वाचकांचे प्रश्न : विणीतली नक्षी

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न नक्षीदार कापडाबद्दलचे आहेत : पैठणी, इरकली, हिमरू, जकार्डवरची चादर. प्रश्न वेगवेगळे असले तरी उत्तरं शोधताना हात पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी जातो, कापडाच्या उलट्या बाजूकडे. म्हणून हे मथळ्यातच सांगून टाकलं.

प्रश्न : मुलीच्या लग्नासाठी पैठणी घ्यायची आहे. एकाच दुकानात नऊ हजारांची आणि नव्वद हजारांची पैठणी दाखवली. दोन्ही "हातमागावरची, प्युअर सिल्क" असं सांगितलं. फरक कसा ओळखायचा? (नाशिक)

दुकानदार खोटं बोलत असेलच असं नाही. "हातमाग", "शुद्ध रेशीम" आणि "पैठणीची वीण" या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातली एक असली म्हणजे बाकीच्या दोन असतातच असं नाही.

आधी वीण पाहू. पदर उलटा करा. पारंपरिक पैठणीच्या पदरावर नक्षीसाठी वेगळा, जादा धागा नसतो. जमिनीचा, म्हणजे नक्षीमागच्या जागेचा, जरीचा बाणा (आडवा धागा) समजा पोपटाच्या कडेपर्यंत येतो, तिथे हिरव्या रेशमी धाग्यात अडकतो आणि मागे वळतो. हिरवा धागा फक्त पोपटापुरताच पुढे-मागे फिरतो. एका रंगाचा धागा दुसऱ्या रंगाच्या हद्दीत जातच नाही, त्यामुळे मागे लोंबायला काही उरत नाही आणि पोपट दोन्हीकडून सारखाच दिसतो. या अडकवणीलाच कडियाल म्हणतात. उलट बाजूला फार तर गाठी मारलेली किंवा कापलेली धाग्याची टोकं इथे-तिथे सापडतील. ती असणं हा दोष नाही, खूणच आहे.

जकार्डवर, म्हणजे नक्षीप्रमाणे उभे धागे उचलणाऱ्या यंत्रावर, काढलेल्या पदरात प्रत्येक रंगाचा धागा या काठापासून त्या काठापर्यंत पूर्ण रुंदी जातो. जिथे नक्षी हवी तिथे तो वर येतो, बाकी ठिकाणी मागे मोकळा पडून राहतो. उलट बाजूला हे आडवे धागे दिसतात. ते कापून टाकले असतील तर नक्षीच्या कडेला बारीक झालर दिसते आणि नक्षीचे रंग मागे गढूळ होतात.

आता लक्षात घ्या, जकार्ड हातमागावरही बसवतात. येवल्यात अंगावरच्या बुट्ट्या आणि काही काठ जकार्डवर काढले जातात आणि पदर हाताने अडकवून विणला जातो. अशी साडी हातमागाचीच, पण पूर्ण कडियालची नव्हे. काठ आणि पदर दोन्ही वेगवेगळे उलटून पाहा, आणि किमतीची चर्चा त्यानंतर करा.

मग रेशीम. सिल्क मार्क फक्त धागा नैसर्गिक रेशमाचा आहे एवढंच सांगतो, माग कोणता हे सांगत नाही. ते हँडलूम मार्क सांगतो. भौगोलिक मानांकनाचा शिक्का असेल तर उत्तमच. शंका असेल तर पदराच्या दशांमधला एक धागा मागून घेऊन जाळा. रेशीम केस जळल्यासारखा वास देतं आणि मागे काळी, बोटात चुरडली जाणारी राख राहते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. कागदासारखा भुरभुर जळाला तर तो व्हिस्कोस किंवा सूत.

शेवटी जर. खरी जर म्हणजे चांदीची चपटी तार रेशमी धाग्यावर गुंडाळून वर सोन्याचा मुलामा. दुसऱ्या प्रकारात तांब्याची तार असते, तिच्यावर चांदीचा पातळ थर. तिसरी जर निव्वळ प्लॅस्टिकच्या चकचकीत फितीची. कसोटीच्या दगडावर जोरात घासल्यावर आत तांबूस रेघ आली तर तांबं, पांढरी आली तर चांदी. प्लॅस्टिकची जर उलगडली की सपाट फीत निघते आणि ज्योतीजवळ नेताच आक्रसते. तांब्याची जर वाईट नाही, रोजच्या वापराला ती चालते, पण तिला खऱ्या जरीचे पैसे देऊ नका. नव्वद हजारांच्या साडीसाठी जरीतल्या सोन्या-चांदीच्या टक्केवारीचा तपासणी अहवाल मागणं हा तुमचा हक्क आहे.

प्रश्न : वर्षभरापासून पैठणीचा माग चालवतो आहे. अंग चांगलं उतरतं, पण पदरावर दोन अडचणी येतात : नक्षीच्या उभ्या कडेला फटी पडतात आणि पदराचं विणकाम लाटेसारखं वर-खाली होतं. पदर अंगापेक्षा अरुंदही होतो. (येवला परिसर)

तिन्ही दोषांची कारणं वेगळी आहेत.

फट पडते कारण तिथे अडकवणी चुकलेली असते. समजा मोराच्या मानेची कड आहे. डावीकडून जरीची तिल्ली (धागा गुंडाळलेली छोटी कांडी) आली, उजवीकडून निळी. दोघी शेजारशेजारच्या तारांना (ताण्याच्या उभ्या धाग्यांना) वळसा घालून आपापल्या दिशेला परत गेल्या तर त्या दोन तारांना जोडणारं काहीच उरत नाही. असं चार-सहा पिक (बाण्याच्या ओळी) झालं की बोटाने उघडता येईल अशी चीर तयार होते. म्हणून परत फिरण्यापूर्वी निळा धागा जरीच्या वळशातून काढून घ्यायचा. ही अडकवणी एकाच दिशेच्या पिकला करा, म्हणजे दर दोन पिकांतून एकदा. प्रत्येक पिकला अडकवली तर जोड मजबूत होतो खरा, पण उलट बाजूला दोरीसारखी कड उठते आणि दोन्ही बाजू सारख्या राहत नाहीत.

यावर खरा इलाज मात्र आराखड्यातच करायचा असतो. लांब, सरळ उभी रेघ ही या विणीची दुखरी जागा आहे, तिरकी रेघ सोपी. कड दर दोन पिकांनी एका तारेने सरकली की प्रत्येक वळसा नव्या तारेवर पडतो आणि चीर धरतच नाही. नारळी काठाची त्रिकोणी शिखरं, आसावलीच्या वेलीची पायऱ्यापायऱ्यांची पानं ही या विणीला मानवणारी आहेत, म्हणून ती टिकून राहिली. नवीन नक्षी काढताना उभी रेघ टाळता येत नसेल तर तिला दर सहा-आठ पिकांनी एका तारेचा दात द्या. डोळ्याला ती सरळच दिसते.

पोपटाचा डोळा हे याचं उलटं उदाहरण. दोन-तीन तारांवर दोन पिक एवढाच तो असतो. त्यासाठी वेगळी तिल्ली घ्यावीच लागते, आणि काम झाल्यावर ती तशीच लोंबत ठेवू नका. टोक उलट बाजूला शेजारच्या रंगात दोन-तीन तारा आत ओवून मगच कापा. नुसतं कापलेलं टोक पहिल्याच धुलाईत निसटतं आणि पोपट आंधळा होतो.

लाट येते जाडीतल्या फरकामुळे. पदराची जमीन जरीची, नक्षी रेशमाची. जर जाड आणि रेशीम बारीक असेल तर दहा पिकांत जरीची जागा जास्त उंच चढते, रेशमाची मागे राहते. हात्या (बाणा ठोकून बसवणारी मागाची फळी) मात्र दोघांना एकाच सरळ रेषेत ठोकतो, म्हणून जरीच्या जागी पिक घट्ट दबतात, नक्षीच्या जागी सैल राहतात आणि बाण्याची ओळ वाकते. उपाय म्हणजे तिल्लीत भरायच्या रेशमाचे पदर (एकत्र घ्यायचे धागे) वाढवायचे. किती, ते मागावर चढवण्याआधी ठरवा : एका टाचणीवर जर आणि दुसरीवर रेशीम शेजारी शेजारी लागून, न दाबता, वीस-वीस वेढे गुंडाळा आणि दोन्हींची रुंदी पट्टीने मोजा. रुंदी सारखी होईपर्यंत रेशमाचा एकेक पदर वाढवत जा. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते न केल्यामुळे महिन्याभराचा पदर वाकडा गेलेला दिसतो.

पदर अरुंद होतो तो बाणा ओढून घेतल्यामुळे. अंगावर धोटा (बाण्याचा धागा आरपार नेणारं साधन) फेकताना धागा आपोआप थोडा सैल पडतो, तिल्लीने हाताने भरताना मात्र प्रत्येक वळशाला थोडा थोडा ओढला जातो. वीस तिल्ल्या असतील तर वीस वेळा. धागा तारांमधून सरळ आडवा न नेता किंचित कमानीत ठेवा आणि मग हात्या मारा, म्हणजे वर-खाली जायला त्याला लांबी मिळते. कापड ताणून धरणारी, दोन्ही टोकांना टाचण्या असलेली काठी अंगावर दोन इंचांनी हलवत असाल तर पदरावर अर्ध्या-पाऊण इंचाने पुढे घ्या.

प्रश्न : वस्त्र अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डॉबी कधी पुरते आणि जकार्ड कधी लागते? जकार्डसाठी नक्षीचा ग्राफ काढताना आकडेमोड कुठून सुरू करायची? काढलेलं गोल फूल कापडावर लांबट आलं. (इचलकरंजी)

डॉबीवर तारा गटागटाने उचलल्या जातात. एका वहीत (तारा ओवलेल्या चौकटीत) ओवलेल्या सगळ्या तारा एकत्र वर येतात. सोळा किंवा चोवीस वह्या असतील तर सोळा किंवा चोवीस तऱ्हांनी वागणाऱ्या ताराच मिळतात. चौकडी, पट्टे, हिऱ्याचे आकार, लहान बुट्टी इथपर्यंत डॉबी छान चालते. वळणदार पान, पक्षी, अक्षर काढायचं तर नक्षीच्या रुंदीतली प्रत्येक तार स्वतंत्रपणे उचलता आली पाहिजे, आणि ते काम जकार्डचं. ल्योंच्या जोसेफ मारी जकार्ड यांनी १८०४ च्या सुमाराला जे बसवलं त्याचं तत्त्व आजही तेच आहे : कार्डात भोक असेल तर हूक (तार उचलणारी आकडी) वर, नसेल तर खाली. इलेक्ट्रॉनिक जकार्डमध्ये कार्डाच्या जागी संगणकाची फाइल आली, पण हूक आणि दोऱ्या तशाच राहिल्या. म्हणून आकडेमोडही तीच.

सुरुवात चित्रापासून करू नका, तयार कापडातल्या तारांपासून करा. एक उदाहरण पूर्ण सोडवू.

तयार कापडात इंचाला ९६ तारा आणि ६४ पिक आहेत. जकार्ड ४०० हूकची. त्यातले ३८४ नक्षीला घ्या, उरलेले किनारीसाठी आणि धोट्याच्या पेटीसाठी ठेवा. ३८४ भागिले ९६ म्हणजे ४. तुमच्या नक्षीची रुंदी चार इंच, त्याहून मोठी होणार नाही. नक्षीची उंची सहा इंच हवी असेल तर ६ गुणिले ६४ म्हणजे ३८४ पिक, म्हणून ३८४ कार्डं. रुंदी हूक ठरवतात, उंची कार्डं. कापड ४८ इंच पन्ह्याचं असेल तर एकूण तारा ४,६०८, म्हणजे नक्षी बारा वेळा येईल आणि प्रत्येक हूकखाली बारा दोऱ्या बांधाव्या लागतील.

लक्षात ठेवा, ९६ तारा तयार कापडातल्या आहेत, फणीतल्या (तारा वेगवेगळ्या ठेवणाऱ्या मागाच्या कंगव्यातल्या) नाहीत. कापड मागावरून उतरल्यावर आणि धुतल्यावर रुंदीत आक्रसतं. फणीत इंचाला ९० तारा भरल्या असतील तर त्याच ४,६०८ तारा फणीत ५१.२ इंच जागा घेतील. फणीचा आकडा धरून ग्राफ काढणारे बरेच जण इथेच चुकतात.

आता लांबट फूल. तुमच्या कापडात इंचाला तारा ९६ आणि पिक ६४, म्हणजे बाराला आठ. साध्या चौकोनी ग्राफवर गोल काढला की त्यात जितके उभे स्तंभ तितक्याच आडव्या ओळी येतात. पण कापडावर ९६ स्तंभ एका इंचात बसतात आणि ९६ ओळींना दीड इंच लागतो. गोलाचं उभं अंडं होतं. म्हणून मोठ्या चौकोनात बारा उभे आणि आठ आडवे भाग असलेला १२ × ८ चा ग्राफ घ्या. संगणकावर काढत असाल तर तेच प्रमाण फाइलच्या सेटिंगमध्ये भरा, नाहीतर पडद्यावर गोल आणि कापडावर अंडं हे चालूच राहील.

चित्र रंगवून झालं की अर्धं काम झालं असं समजू नका. आता प्रत्येक रंगाच्या आत वीण भरायची. आठ तारांची साटीण (सॅटिनची गुळगुळीत वीण) घेतली आणि दर पिकला तीन तारांनी पुढे सरकलं तर बांधणी, म्हणजे तार आणि बाणा एकमेकांत अडकवणारे टाके, १, ४, ७, २, ५, ८, ३, ६ अशी पडते. कुठलेही दोन टाके शेजारी येत नाहीत, म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो. ३८४ ला आठने भाग जातो, तेव्हा एका नक्षीची वीण पुढच्या नक्षीत बिनजोड मिसळेल. पाच तारांची साटीण हवी असेल तर ३८४ ला पाचने भाग जात नाही आणि दर चार इंचांवर उभी रेघ उमटेल. मग चार हूक मोकळे सोडून ३८० वापरा. सहा तारांची नियमित साटीण होतच नाही, तिच्या नादी लागू नका.

नक्षीच्या कडेजवळ साटिणीचा टाका आला की कडेला एकटा ठिपका दिसतो. तो हाताने एका घराने सरकवा किंवा काढा. उलट, पानाच्या मोठ्या मोकळ्या जागेत टाका पडलाच नाही तर धागा लांब लोंबतो आणि अंगठीत अडकतो. ग्राफवर बोट ठेवून आडवं आणि उभं, दोन्हीकडून तपासा. सॉफ्टवेअर लांब धागे लाल करून दाखवतं, पण कडेचा ठिपका कुठे खटकतो हे डोळाच सांगतो.

जादा बाण्याची बुट्टी असेल तर ग्राफच्या प्रत्येक ओळीला दोन पिक लागतात, एक जमिनीचा आणि एक नक्षीचा. वरच्या उदाहरणात ३८४ च्या जागी ७६८ कार्डं होतील. दर सांगताना हा आकडा विसरला की तोटा ठरलेला.

चार इंच कमी पडत असतील आणि नक्षी आरशासारखी दोन्हीकडे सारखी असेल तर दोऱ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन तशाच परत आणता येतात. नक्षी जवळपास आठ इंचांची होते. मात्र वळणाच्या टोकाला पहिली आणि शेवटची तार दुहेरी बांधू नका. दोन शेजारच्या तारा सारख्याच उचलल्या गेल्या की तिथे जाड रेघ दिसते. म्हणून एका नक्षीत ७६८ नव्हे, ७६६ तारा. आणि अशा बांधणीत नाव किंवा अक्षर घालू नका, अर्धी अक्षरं उलटी येतील.

आणखी एक. ज्या नक्षीत जमिनीवर बहुतेक तारा वर राहतात, ती उलटी, म्हणजे दर्शनी बाजू खाली ठेवून विणा. उचलायच्या तारा कमी होतात, यंत्रावर भार कमी पडतो आणि दोऱ्या जास्त टिकतात. अर्थात कार्डं त्या हिशेबाने उलटी पाडावी लागतात. तयार कार्डं आहेत तशी चढवून कापड उलटं विणता येत नाही.

प्रश्न : यंत्रमागावर जकार्ड चादरी विणतो. कधी उभी रेघ येते, कधी आडवी. जॉबर (माग दुरुस्त करणारा) दरवेळी वेगळं कारण सांगतो आणि दिवस जातो. दोष कुठे आहे हे पटकन कसं ठरवायचं? (सोलापूर)

माग थांबवून आधी चादर पसरा आणि दोष किती वेळा, कुठे कुठे आला ते मोजा. पाना हातात घेण्याआधी उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळतं.

उभी रेघ पूर्ण पन्ह्यात एकाच ठिकाणी आहे? मग दोष त्या एका तारेचा. खालची दोरी तुटली किंवा घासून लांबली, डोळ्यातून तार निसटली, वजनाची सळई शेजारच्या सळईत अडकली, किंवा वहिफणीच्या (तारा वह्यांतून आणि फणीतून ओवण्याच्या) वेळी तार चुकीच्या डोळ्यात ओवली. बीम (ताणा गुंडाळलेला रूळ) बदलल्यापासूनच रेघ असेल तर वहिफणी तपासा. मध्येच सुरू झाली असेल तर दोरी.

तीच रेघ प्रत्येक नक्षीत, सारख्या अंतरावर, पन्हाभर आहे? मग दोष वर, हूकमध्ये किंवा त्याला कार्डाशी जोडणाऱ्या सुईत. एका हूकखाली सगळ्या नक्षींची तीच तार बांधलेली असते, म्हणून तो वाकला की सगळीकडे एकदम दिसतं. आता रेघेतली तार सतत वर राहिली आहे की सतत खाली, हे पाहा. सतत खाली असेल तर हूक त्याला उचलणाऱ्या पात्यावरून निसटतो आहे किंवा सुईमागची स्प्रिंग गेली आहे. सतत वर असेल तर हूक वाकून पात्यात अडकला आहे किंवा सुई तेलामातीने जाम झाली आहे. इलेक्ट्रॉनिक जकार्ड असेल तर त्या हूकचं मॉड्यूल शेजारच्या चांगल्या मॉड्यूलशी बदलून पाहा. रेघ त्याच्याबरोबर सरकली तर मॉड्यूल खराब, जागेवर राहिली तर दोष खाली.

आडवी चूक नक्षीच्या प्रत्येक उंचीत नेमक्या त्याच ओळीला येते? मग कार्ड. भोक चुकलं, फाटलं किंवा दोन कार्डं आगेमागे शिवली गेली. चुकीच्या ओळीपासून वर मोजत जाऊन कार्डाचा नंबर काढा. सगळी माळ चाळत बसू नका.

आडवी चूक कुठेही, कशीही येत असेल तर कार्डं चाळण्यात वेळ घालवू नका. बाणा तुटून माग लगेच थांबला नसेल, किंवा थांबल्यावर कामगाराने कापड मागे घेतलं पण जकार्ड तेवढे पिक मागे घेतलं नसेल. दुसरं कारण सर्रास घडतं. तिथून पुढे नक्षी चांगलीच दिसते, फक्त त्या जागी एक-दोन ओळी गायब किंवा दुहेरी होतात.

पावसाळ्यात पुठ्ठ्याची कार्डं ओल धरून फुगतात, भोकं सुयांच्या समोर नेमकी येत नाहीत आणि नक्षी एका बाजूला विस्कटते. नक्षीचा एक संपूर्ण पट्टा बिघडलेला दिसला तर सुया उपटण्याआधी कार्डं बसतात त्या सिलिंडरची जागा तपासा. कार्डं जमिनीवर न ठेवता उंच फळीवर, हवा खेळेल अशी टांगा.

जोडीला एक सवय लावा : दर पाळीत एकदा विणल्या जाणाऱ्या चादरीची खालची बाजू विजेरीने पाहा. निसटलेला धागा वरून दिसण्याच्या कितीतरी आधी खालून लोंबताना दिसतो.

प्रश्न : रंगाऱ्याकडे दहा किलो कच्चं रेशीम दिलं. परत आलं पावणेआठ किलो. चोरी समजायची का? (येवला)

नाही. कच्च्या तुतीच्या रेशमावर सेरिसीन नावाचा डिंक असतो आणि तो वजनाच्या साधारण २० ते २५ टक्के भरतो. रंगवण्याआधी तो काढावाच लागतो. दहा किलोचे साडेसात ते आठ किलो येणं बरोबर आहे. पुढच्या वेळी शंभर ग्रॅमची एक लडी वेगळी उकळून घ्या, कोरडी वजन करा आणि तो आकडा पूर्ण मालाला लावा. वाद राहणार नाही.

डिंक नीट निघाला की नाही हे मात्र तपासा. रेशमाच्या वजनाच्या साधारण पाव भाग साबण, तीसपट पाणी, ९० ते ९५ अंशांवर तास-दीड तास. खळखळ उकळलं तर लड्या गुंततात, पाणी नुसतं कोमट असेल तर डिंक राहतो. डिंक राहिलेल्या जागी रंग वेगळा चढतो आणि अंगावर आडवे पट्टे येतात. विणकराला दोष लागतो, चूक हंड्यात झालेली असते.

प्रश्न : इरकली साडीचा लाल पदर वेगळ्या रंगाच्या अंगाला जोडलेला असतो, पण शिवण दिसत नाही. ताणा मध्येच रंग कसा बदलतो? (बेळगाव)

अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगळे केलेले असतात. अंगाच्या तारांची टोकं फासासारखी मोकळी असतात, पदराच्या तारांचीही. एकाचा फास दुसऱ्यात अडकवून दोन्ही ताणे जोडतात आणि मग सलग विणतात. याला तोपे तेनी म्हणतात. जोड आत विणला जातो म्हणून शिवण सापडत नाही. प्रत्येक साडीला नवा जोड, तेव्हा ताणाही एका साडीपुरताच बनवावा लागतो. दहा साड्यांचा एकच ताणा चढवून वेळ वाचवण्याची सोय इथे नाही. लाल पदर नुसता बाण्याने रंगवलेला असेल तर त्यात अंगाच्या ताण्याचा रंग झाक मारतो. खऱ्या जोडाच्या पदरात ताणा आणि बाणा दोन्ही लालच दिसतात.

प्रश्न : हिमरू आणि मश्रू एकच का? (छत्रपती संभाजीनगर)

नाही. हिमरूचा ताणा सुती आणि नक्षीचा जादा बाणा रेशमाचा, आता बहुतेक कृत्रिम रेशमाचा. नक्षी नसेल तिथे हा बाणा उलट बाजूला मोकळा पडतो. दाट नक्षीमुळे मागे मऊ थरच तयार होतो, म्हणून हिमरूची शाल ऊबदार लागते, आणि म्हणूनच शेरवानीला अस्तर हवं. अस्तर न लावता घातली तर बटणं आणि नखं ते धागे ओढतात.

मश्रूत उलट आहे. ताणा रेशमाचा, बाणा सुती, आणि वीण साटिणीची. वर जवळजवळ सगळं रेशीम दिसतं, अंगाला सूत लागतं. शुद्ध रेशीम अंगाला लागू नये या मुस्लिम पुरुषांसाठीच्या धार्मिक दंडकातून ही रचना रूढ झाली. गुजरातमध्ये पाटण आणि मांडवीला ती आजही विणली जाते. दोन्हींतला फरक एका क्षणात कळतो : उलट्या बाजूला रंगीत मोकळे धागे दिसले तर हिमरू, सपाट सुती पोत दिसला तर मश्रू.

प्रश्न : आईची चाळीस वर्षांची पैठणी इथे आणली आहे. जर काळपट झाली, घडीवर तुटते आहे. काय करावं? (न्यू जर्सी)

काळपट झालेली जर बहुधा चांदीची आहे, चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते. चिंच, टूथपेस्ट, चांदी चकाकवायचं द्रावण, यातलं काहीही लावू नका. सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो की तो घासून जातो आणि मग परत येत नाही. काळपटपणा राहू द्या.

घडीवर तुटतं ते धातूमुळे. चपटी तार वर्षानुवर्षं एकाच जागी वाकून राहिली की चिरते आणि तिच्या कडेने शेजारचं रेशीमही कापलं जातं. घडी मोडा. पुठ्ठ्याच्या जाड नळीवर आधी आम्लविरहित कागद, त्यावर धुतलेलं, खळ नसलेलं पांढरं सुती कापड गुंडाळा आणि मग साडी, जरीची बाजू बाहेर ठेवून, सैल गुंडाळा. नळीला जागा नसेल तर घडीत प्रत्येक वळणावर मऊ सुती कापडाची सुरळी ठेवा आणि दर तीन-चार महिन्यांनी घडीची जागा बदला. प्लॅस्टिकची पिशवी नको, ओल आत कोंडते. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका.

जिथे रेशीम आधीच तुटलं आहे तिथे रफू घाईने करू नका. उलट बाजूने तशाच रंगाचं पातळ रेशमी कापड ठेवा आणि एका पदराच्या रेशमाने, तुटलेल्या जागेच्या बाहेर चांगल्या भागात टाके घेऊन ते धरून ठेवा. टाका जरीच्या तारेतून नव्हे, दोन तारांच्या मधून घ्या. ताण नव्या कापडावर जाईल आणि मूळ धागे आहेत तसे राहतील.